येऊन रायला!

घुग्घुसात स्टारबक्स नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण बाबूजींच्या बाकड्यावर पाच मिनिटं टेकलात तर तुमची खात्री पटेल की तो काल रात्रीच ताडाळी स्टेशनला उतरला असून आता सामानासकट ऑटोने गावात येतो आहे. खरं म्हणजे आमच्या गावच्या माणसाला स्टारबक्स पाहायचा तर दीडशेएक किलोमीटरवरचं नागपूर गाठावं लागतं. पण बाबूजींपुढे अंतराची भाषा करू नये.

"गुरुजी, आपला कोळसा कुठच्या कुठं जाते. त्याले पाय हायेत का? मंग कॉफीलेच काऊन अडवून रायले तुमी? येऊन रायला बरं, सांगून ठेवतो."

"येऊन रायला बरं" हे बाबूजींचं पालुपद. कोण येऊन राहिला ते दर दोन-चार वर्षांनी बदलतं. दारूबंदी येऊन रायली म्हणाले, ती 2015 च्या एप्रिलमध्ये जिल्ह्यात आली. उठून रायली म्हणाले, तर 2021 मध्ये उठलीसुद्धा. नगर परिषद येऊन रायली म्हणाले तेव्हा ग्रामपंचायतीत जन्म काढलेले आम्ही हसलो. 2020 संपता संपता तीही आली. मॉल मात्र अजून येऊनच रायला आहे. असा हा हिशेब असल्यामुळे बाबूजींना पूर्ण हसता येत नाही, आणि त्यांचं पूर्ण खरं धरलं तर सकाळचा चहा घशाखाली उतरत नाही.

बाबूजी म्हणजे कोलियरीतले निवृत्त हाजरीबाबू. कोळसा खाणीबाहेरच्या वाचकांना हाजरीबाबू म्हणजे रजिस्टरात सह्या घेणारा कारकून वाटेल. तसा तो नसतो. भूमिगत खाणीत कोण खाली उतरला आणि पाळी संपल्यावर कोण वर आला, हे ज्याच्या वहीत आहे तो हाजरीबाबू. एक नाव वर यायचं राहिलं तर सगळी खाण जागी करायचा अधिकार या सडपातळ, चष्मेवाल्या माणसाला. उभी नोकरी माणसं मोजण्यात गेली आणि एके दिवशी शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ देऊन कंपनीने सांगितलं, आता मोजू नका. बाबूजी तिसऱ्या दिवशी मामाच्या चहाच्या टपरीवर येऊन बसले आणि गिऱ्हाइकं मोजायला लागले.

तुमच्या गावात तो निवृत्त पोस्टमास्तर असेल, सोसायटीचा माजी सचिव असेल, वाचनालयासमोरच्या हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल धरून बसणारा कुणी काका असेल. एका चहावर दोन अग्रलेख संपवतो आणि ज्या हॉटेलात बसतो त्या हॉटेलाच्या भवितव्याची काळजी मालकापेक्षा जास्त करतो. ओळख पटली असेल तर पुढे वाचा.

मामाची टपरी मेन रोडवर, जिथून कोळशाचे ट्रक दिवसरात्र जातात. चार बल्ल्या, वर टिन, खाली सिगडी आणि अलीकडे गॅस. बाकडं म्हणजे दोन्हीकडे विटा रचून त्यावर टाकलेला, खाणीतून बाद झालेल्या कन्व्हेअर बेल्टचा जाड रबरी पट्टा. हा पट्टा कशानेच झिजत नाही, बाबूजींनीही नाही. मे महिन्यात पारा 47 च्या पुढे सरकला की तो असा तापतो की बसलेला माणूस उठताना आवाज येतो. तेव्हा बाबूजी पेपरची पुरवणी अंथरतात. मुख्य अंक अंथरत नाहीत, तो वाचून व्हायचा असतो. मोठ्या शहरांत कॅपुचिनोवर चॉकलेटची पूड भुरभुरवायला वेगळा माणूस ठेवतात म्हणे. आमच्याकडे कोळसा, सिमेंट आणि लोखंड या तिन्हींची पूड चहावर आपोआप पडते, आणि जुनी गिऱ्हाइकं फुंकर मारून पितात.

बाबूजींची शिफ्ट सकाळी साडेसहाला सुरू होते. अंगात दोन खिशांचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, डाव्या खिशात निळा पेन, उजव्यात लाल. विमा एजंटाने दिलेली डायरी. आल्याबरोबर चहा मागायचा नाही. आधी बाकड्यावरून नजर फिरवायची.

"तो बिहारी फिटर नाही आला आज?"

"नाईट हाय जी त्याची."

"नाईट काल संपली. चौकशी कर."

मग चहा. चहाही पूर्ण नाही, कट. काचेच्या ग्लासातच. कागदी कप समोर आला तर तो दोन बोटांनी उचलून मामाच्या ओट्यावर परत ठेवतात, काही न बोलता. इतक्या वर्षांत मामाला तेवढं कळतं. हा एक कट साडेसहापासून साधारण साडेनऊपर्यंत पुरतो. तो कसा पुरतो हे मी पुष्कळदा निरखून पाहिलं आहे. पहिला घोट गरम, दुसरा कोमट, आणि त्यानंतर ग्लास नुसता हातात असतो, न्यायाधीशाकडे हातोडा असतो तेवढ्यापुरता.

स्टारबक्सची बातमी बाबूजींना भज्यांच्या पुड्याने दिली. मामा जुन्या रद्दीत भजी बांधतो, आणि बाबूजी भजी संपल्यावर कागद उलगडून वाचतात. तेल लागलेलं अक्षर जास्त स्पष्ट दिसतं असं त्यांचं मत आहे. भजी ताजी होती. बातमी 2024 च्या जानेवारीतली. टाटा आणि स्टारबक्स यांची जी भागीदारी आहे ती 2028 पर्यंत देशात एक हजार दुकानांवर जाणार, म्हणजे सरासरी तीन दिवसांना एक नवीन दुकान. बाबूजींनी लाल पेन काढला.

"तीन दिवसाले एक. महाराष्ट्रात तालुके किती? तीनशे अठ्ठावन्न. हिशेब करा गुरुजी."

मी म्हटलं, दुकानं सगळ्या देशात निघणार आहेत, एकट्या महाराष्ट्रात नाहीत. शिवाय घुग्घुस तालुका नाही.

"म्हनूनच म्हंतो तालुका मागू नका. तालुका झाला का यादीत नाव आलं."

तेव्हापासून स्टारबक्स हा त्यांचा विषय झाला, आणि एकदा विषय झाला की बाबूजी त्याची फाईल करतात. डायरीत नोंदी आहेत. 1971, शियाटल, पहिलं दुकान. तेव्हा कॉफीच्या बिया विकत. 1987 मध्ये हॉवर्ड शुल्ट्झ नावाच्या माणसाने ते विकत घेतलं. भारतात पहिलं दुकान 19 ऑक्टोबर 2012 ला मुंबईत, हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये. जगभर चाळीस हजारांवर दुकानं. या शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा. भारतातल्या कंपनीत टाटांचा अर्धा वाटा आहे हे कळल्यावर बाबूजी तीन दिवस जरा गप्प होते. घरात मीठ टाटाचं, मुलीच्या लग्नातलं घड्याळ टाटाचं. शेवटी त्यांनी तोडगा काढला: "अर्धा माणूस आपला हाय. आपन अर्धाच विरोध करू."

कॉफीशी मात्र त्यांचं वैर नाही. "कॉफी पाह्यजे ना? चिखलदऱ्याले पिकते. आपल्या विदर्भात. इंग्रजाच्या काळापासून. त्यासाठी शियाटल कायले पाह्यजे?" नागपूरच्या सदरमध्ये इंडियन कॉफी हाऊसमध्ये त्यांनी उमेदीच्या काळात मसाला डोसा खाल्ला होता, आणि तुरेवाला फेटा घातलेल्या वेटरने आपल्याला सलाम केला होता, हे ते अजून सांगतात. अशी कॉफी हाऊसं कॉफी बोर्डाने बंद करायला काढली तेव्हा कामगारांनीच सहकारी संस्था करून ती ताब्यात घेतली, हा 1957 च्या सुमाराचा सगळा इतिहास त्यांना पाठ. "कामगारानं चालवलेलं हॉटेल हाय थे. तिथं मालक यायची भीतीच नाही." युनियनचा माणूस. त्यांना चीड आहे ती कॉफी शॉपमध्ये दोन ओळखीची माणसं भेटली तरी एकमेकांशी न बोलता मोबाईल पाहतात याची. पुतण्यासाठी मुलगी पाहायचा कार्यक्रम नागपूरच्या एका कॉफी शॉपमध्ये ठरला होता. बाबूजी गेले, बसले, इकडेतिकडे पाहिलं आणि मुलीच्या वडलांना म्हणाले, "सारं ठीक हाय जी, पन पोहे कुठं हायेत?" लग्न जमलं, पण हा प्रश्न दोन्ही घरांत अजून निघतो.

आणि मग बाबूजी पुण्याला गेले. लेकीकडे, डोळे तपासायला. जावयाने सासऱ्यांची हौस म्हणून त्यांना थेट स्टारबक्समध्ये नेलं. परत आल्यावर पंधरा दिवस टपरीवर दुसरा विषय नव्हता. काउंटरवरच्या पोरीने नाव विचारलं. बाबूजींनी हाजरीच्या शिस्तीत आडनाव आधी, मग नाव, मग वडलांचं नाव सांगितलं. ती पोरगी पेन घेऊन तशीच उभी. जावयाने मध्ये पडून नाव आवरलं. थोड्या वेळाने कपावर लिहिलेल्या नावाचा पुकारा झाला, आणि बाबूजी, सांगताना त्यांचा आवाज जरा हललाच, नकळत "हाजिर!" म्हणून उभे राहिले.

"गुरुजी, हाजरी लागते तिथं! नाव लिहितात, पुकारतात, मगच देतात. आपल्या खाणीतबी एवढं नव्हतं शेवटी शेवटी."

किंमत तीनशेच्या घरात. मामाच्या टपरीवर तेवढ्यात महिनाभर रोज चहा होतो, हे त्यांनी तिथेच डायरीत मांडून जावयाला दाखवलं. सगळ्यात लहान कप मागितला तर तोही मामाच्या तीन कटांएवढा निघाला. पण मला नंतर वाचलेलं सांगावंसं वाटलं: 2023 मध्ये याच कंपनीने भारतासाठी मुद्दाम सहा औंसांचा छोटा कप काढला, मसाला चहा ठेवला, किंमत एकशे पंच्याऐंशीपासून. बाबूजींनी ग्लास ओट्यावर आपटला.

"म्हंजे कट काढला! शेवटी कट काढलाच का नाही त्याईनं?" तो दिवस त्यांनी विजयदिन म्हणून पाळला. म्हणजे दुसरा कट मागवला.

मात्र पुण्याहून ते एक चिंता घेऊन आले होते आणि ती किमतीची नव्हती. "चार घंटे बसलो मी तिथं. कोनी उठ म्हनलं नाही. बसू देते थो. हाच धोका हाय." रे ओल्डनबर्ग नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1989 मध्ये एका पुस्तकात लिहिलं की माणसाला घर आणि काम यांशिवाय तिसरी एक जागा लागते, जिथे तो नुसता बसू शकतो; आणि स्टारबक्सने हा विचार आपल्या धंद्यात वापरला. हे सगळं मी बाबूजींना समजावून सांगितलं. त्यांनी बाकड्याच्या पट्ट्यावर तळहात ठेवला. "पुस्तक कायले लिहावं लागलं त्याले? इथं यायचं ना."

पुढे 2025 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या आपल्या दुकानांत कंपनीने नियम बदलला: काही विकत घेतल्याशिवाय बसता येणार नाही. ही बातमी मी मोठ्या उत्साहाने टपरीवर नेली. बाबूजी खूश होतील असं वाटलं होतं. ते गप्प झाले, हातातल्या रिकाम्या ग्लासाकडे पाहिलं, आणि मग मामाकडे. मामा दूध उकळत होता. त्याने ऐकलं की नाही ते कळलं नाही. "मामाले सांगू नका," बाबूजी हळूच म्हणाले.

खरा दगाफटका मात्र शियाटलहून नाही, पुण्याहून आला. बस थांब्याजवळ एका रात्रीत दुकान उघडलं: पिवळा-तांबडा बोर्ड, काचेमागे तांब्याचं भांडं, टोप्या घातलेली पोरं, दहा रुपयांत चहा, बोर्डावर 'अमृततुल्य'. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी शंभरेक वर्षांपूर्वी पुण्याच्या पेठांत सुरू केलेली ही रीत. आलं-वेलदोडे पितळी खलात कुटून घातलेला तो चहा आता फ्रँचायझीने तालुक्या-तालुक्यात पोचला आहे. एकसारखे बोर्ड, एकसारखे कप, एकसारखी चव. आमच्या नागपूरचा चहावाला डॉली तर टपरीवरूनच जगभर गेला. 2024 च्या फेब्रुवारीत त्याने बिल गेट्सला चहा पाजला आणि 2025 मध्ये त्याचीही फ्रँचायझी निघाली. म्हणजे टपरीला गिळणारी साखळी आता टपरीच्याच पोटातून निघते. बाबूजींनी डायरीत स्टारबक्सचं पान मिटलं आणि नवीन पान उघडलं.

पहिले आठ दिवस बहिष्कार. पोट्टे तिकडे सेल्फी काढायला जायला लागले तेव्हा बाबूजींनी "पाहणी" करायचं ठरवलं. ओळखू येऊ नये म्हणून चष्मा खिशात ठेवला, त्यामुळे दुकानाच्या पायरीला ठेच लागली आणि सगळ्यांनी ओळखलं. टोकन मिळालं. टोकनाचं नाणं हातात घेऊन ते बराच वेळ उभे होते. खाणीतही दिवा घेताना टोकन द्यावं लागायचं. चहा चांगला होता, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मग त्यांनी बसायला जागा शोधली.

"बाकडंच नाही गुरुजी! उभ्यानं पेयचं अन् चालू लागायचं. काही धोका नाही. निजा खुशाल."

मी त्यांना ऑस्ट्रेलियाचा दाखला दिला. तिथे स्टारबक्स 2000 मध्ये गेला, आठ वर्षांत चौऱ्याऐंशी दुकानं झाली, आणि 2008 मध्ये त्यातली एकसष्ट बंद करावी लागली. कारण दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे आलेल्या इटालियन आणि ग्रीक लोकांनी गल्लोगल्ली चांगली कॉफीची हॉटेलं आधीच थाटली होती, आणि गिऱ्हाइकाला तिथल्या मालकाशी बोलायची सवय होती. "बरोबर," बाबूजी म्हणाले, "तिथल्या लोकाईनं हाजरी सोडली नाही." पण तोच स्टारबक्स 2018 मध्ये इटलीतल्या मिलानला, एस्प्रेसोच्या माहेरीच जाऊन बसला, हे सांगितल्यावर निजा खुशाल मागे घेण्यात आलं. आणि आपल्याकडची कॅफे कॉफी डे, 1996 मध्ये बंगळुरूला सुरू झालेली, जिने अर्ध्या भारताला कॉफी शॉपमध्ये बसायला शिकवलं, तिची निम्म्याहून जास्त दुकानं कर्जापायी मिटली. कोण कुणाला खातं याचा हिशेब बाबूजींच्या लाल पेनालाही लागत नाही.

या सगळ्या जागतिक लढाईत मामा कुठे होता? मामा गिऱ्हाईक पाहत होता. एके सकाळी बाबूजी आले तर टिनावर नवा फ्लेक्स: 'मामा स्पेशल अमृततुल्य व कोल्ड कॉफी'. खाली क्यूआर कोड, आणि पैसे आले की हिंदीत ओरडणारा डबा. कोल्ड कॉफी म्हणजे साखर, दुधाची पिशवी, झटपट कॉफीची पुडी, बर्फ आणि मिक्सर. तीस रुपये. कॉलेजची पोट्टी रांगेत.

बाबूजी बाकड्यावर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "घरभेदी."

"काय करू जी बाबूजी? पोट्टे मांगून रायले."

"उद्या कपावर नाव लिहिशील."

"लिहीन ना. तुमचं अक्षर चांगलं हाय, तुमीच लिहा."

तीन दिवस बाबूजी आले नाहीत. चौथ्या दिवशी मामाने पोराच्या हाती एक ग्लास कोल्ड कॉफी घरी पाठवली, काचेच्या ग्लासात. पाचव्या दिवशी बाबूजी डाव्या टोकाला, आपल्या जागेवर. आता रोज दुपारी एक कोल्ड कॉफी घेतात. "गुणवत्ता पाहाले लागते," असं त्याचं कारण. तिचे पैसे मामा घेत नाही, आणि बाबूजी त्याची नोंद मात्र डायरीत "नमुना" म्हणून करतात.

मामाला एकदा मी सरळच विचारलं, की हा माणूस तीन-चार तास बाकड्याचं टोक अडवतो, एका कटावर. परवडतं का? मामाने आधी चहा गाळला. मग म्हणाला, "दूध आनाले गेलो का गल्ला कोन पाहते? उधारीची वही कोन लिहिते? कोनाचा पीएफचा फारम, कोन्या विधवेच्या पेन्शनचा अर्ज, लोक इथं येतात बाबूजीसाठी. आले का चाय घेतात." हे गणित कोणत्या कंपनीच्या कागदावर बसेल मला माहीत नाही.

आणखी एक गोष्ट मी पाहिली आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये आमराई वॉर्डातलं एक घर पाहता पाहता जमिनीत गेलं. खाली जुन्या खाणीची पोकळी. घरची माणसं वेळीच बाहेर पळाली म्हणून वाचली, आणि आजूबाजूच्या घरांना बिऱ्हाडं उचलावी लागली. गावात नुसता गोंधळ. बाबूजी त्या दिवशी टपरीवर निळा पेन घेऊन बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारून कोण कुठे गेलं ते लिहीत राहिले: ही चार माणसं बहिणीकडे, ती दोघं शाळेत, म्हातारी लेकाकडे वणीला. सरकारी यादी सरकारने केली असेलच. पण रात्री उशिरा कुणी आपल्या माणसाचा शोध घेत मेन रोडवर आलं, तर मामाच्या टपरीवर पत्ता मिळत होता. त्या दिवशी बाबूजींनी स्टारबक्सचं नावसुद्धा काढलं नाही, आणि चहा किती झाले ते मामाने मोजले नाहीत.

आता माझं मत सांगतो. बाबूजी चुकीच्या दारावर पहारा देतात. मामाच्या टपरीला स्टारबक्स मारणार नाही, अमृततुल्यही नाही. तो नकला करून जगेल, उद्या कपावर नावंही लिहील. टपरीचं नुकसान होतं आहे ते बसणारी माणसं संपत चालली म्हणून. 1973 ला कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हापासून पुढे पाळीची, पगाराची, सुट्टीची शाश्वती असलेली माणसं गावात होती. पाळी सुटली की अर्धा तास बाकड्यावर, मग घर. ती पिढी निवृत्त झाली. खाणी उघड्या झाल्या, माणसांची जागा शॉवेलने आणि डंपरने घेतली, आणि बरंच काम ठेकेदारीवर गेलं. ठेक्यावरचा ड्रायव्हर ट्रक चालू ठेवून, खिडकीतूनच हात बाहेर काढून कागदी कप घेतो. त्याला बसायला सांगा, तो म्हणेल, फेरी बुडते. बाकड्यावर बसणं ही आता पेन्शनवाल्यांची चैन झाली आहे. दारूबंदीच्या सहा वर्षांत निदान बसायला दुसरी अधिकृत जागा नव्हती म्हणून तरी बाकडं भरलेलं असायचं.

हे मी बाबूजींना सांगितलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही, हेच मला खटकलं. डायरी उघडली. सकाळच्या पाळीची जुनी हाजरी दाखवली: एके काळी साडेसहा ते आठ या वेळात बाकड्यावर, आजूबाजूच्या दगडांवर, सायकलींच्या कॅरियरवर मिळून किती लोक बसत, ते सगळं लिहिलेलं. पुढच्या पानांवर आकडे खाली खाली. परवाच्या तारखेला बसणारे चौघे, उभ्याने पिऊन जाणाऱ्यांचा वेगळा रकाना. मी जिला स्टारबक्सची फाईल समजत होतो, तिचा अर्धा भाग हा होता.

"मंग तुमी स्टारबक्सवर काऊन चिडून रायले?" मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

"त्याचं नाव घेतलं का पोट्टे ऐकाले थांबतात," बाबूजी म्हणाले. "ठेकेदारीचं बोललं का उठून जातात."

तेव्हा वाचकहो, तुमच्या गावच्या टपरीवर, हॉटेलात, इराण्याकडे असा कुणी बाबूजी दिसला तर त्याचं ऐका. निदान एक चहा संपेपर्यंत बसून ऐका, उभ्याने नको. आणि बाबूजी तुम्हीच असाल, तर एक नम्र सूचना: दर तिसऱ्या तासाला एक कट नवीन मागवत जा. मामा कधीच मागणार नाही.